मॅक्स जिंकतो की त्याची गाडी?

घणसोलीकर:
आमच्याकडे रविवारी रेस लागली की भांडण ठरलेलं. मोठा भाऊ म्हणतो, एफ-वन (फॉर्म्युला वन) ही इंजिनिअरांची रेस, ड्रायव्हर नुसता बसायला. २०२३ ला मॅक्स व्हर्स्टापेनच्या रेड बुल टीमने २२ पैकी २१ रेस मारल्या, हा त्याचा पुरावा. मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. जाणकारांनी सांगावं.

कळवा_नाका:
भाऊ बरोबर आहे. २०२० ला बहारीनमधल्या साखीरच्या रेसला चॅम्पियन हॅमिल्टनला कोरोना झाला म्हणून त्याच्या मर्सिडीजमध्ये जॉर्ज रसेल बसला. तळाच्या विल्यम्स टीममध्ये तोवर त्याचा एक गुण नव्हता; इथे क्वालिफाइंगला (रेसला कोण पुढे उभं राहणार ते ठरवणाऱ्या फेरीत) दुसरा, मर्सिडीजच्याच बोटासच्या फक्त ०.०२६ सेकंद मागे. विषय संपला.

कार्टमेकॅनिक_तुर्भे:
कसला संपतो? गाडी परक्याच्या मापाची, पाय मावेना म्हणून एक नंबर लहान बूट, तरी रसेलने सुरुवातीलाच बोटासला मागे टाकलं. बोटासचं त्या टीममध्ये चौथं वर्ष होतं! आणि रेड बुलच्या त्या २१ मधल्या १९ मॅक्सच्या, २ त्याच्या जोडीदार पेरेझच्या. गाड्या दोघांना सारख्याच होत्या ना?

मी भाड्याच्या कार्ट (रेसच्या छोट्या उघड्या गाड्या) सांभाळतो. कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, मागचा अ‍ॅक्सल सलग. वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं तरच ती नीट वळते, नाहीतर पुढचे टायर घासत सरळ जाते. नवखी पोरं वळणात ब्रेक दाबून स्टिअरिंग ओढतात, टायर किंचाळतात, इंजिन दमतं. मग पिटमध्ये (गाड्या थांबवायच्या जागी) येऊन, "काका, सात नंबरला पिकअपच नाही." त्याच सात नंबरवर जुईनगरच्या एक ताई बसतात. सरळ रस्त्यातच ब्रेक उरकतात, स्टिअरिंग एकदाच वळवतात. टायरचा आवाज येत नाही, आणि बोर्डावर वेळ बघितली की पोरं गप्प.

टेक्नॉलॉजीने ड्रायव्हर बाद होत नाही; कुठल्या ड्रायव्हरचं फावणार ते बदलतं. १९९१ ला क्वालिफाइंगमध्ये विल्यम्सचा पॅट्रेसी त्याच टीमच्या मॅन्सेलला जड जात होता. १९९२ ला विल्यम्सला अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन (गाडीची उंची कॉम्प्युटरने सांभाळणारं) आलं. त्या गाडीवर आंधळा भरवसा टाकून वळणात घुसावं लागायचं. मॅन्सेलने ९ रेस जिंकल्या, पॅट्रेसीने १. मग १९९४ ला ते सस्पेन्शन, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच गरगरू न देणारी सोय), एबीएस सगळंच बंद केलं.

पाचपाखाडीचा_म्हातारा:
नियमांचं कोणीच बोलेना. २००५ ला क्वालिफाइंग आणि रेस मिळून टायरचा एकच सेट, असा नियम होता. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका बाजूला कललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात. फॉर्मेशन लॅप (रेसआधीची फेरी) झाली आणि १४ गाड्या सरळ पिटमध्ये! उरल्या ६, सगळ्या ब्रिजस्टोन टायरवाल्या. आपला नरेन कार्तिकेयन जॉर्डन टीमच्या गाडीत चौथा आला. ५ गुण मिळाले. आम्ही घरात नाचलो, कुणी हसायचं ते हसो.

घणसोलीकर:
काका, भावाला आणतो तुमच्याकडे. पण तो ९२ किलो, मी ६१. हरला की वजनाचं कारण सांगेल.

कार्टमेकॅनिक_तुर्भे:
सांगू दे, खरंच आहे ते. भाड्याच्या कार्टला ताकद ती केवढी. ३० किलोचा फरक वळणातून बाहेर पडताना लगेच कळतो. एफ-वनमध्येही २०१९ पासून ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलो धरायचे, २०२५ ला ८२ केलं. कमी भरलं तर सीटपाशी वजन लावतात. आमच्याकडे तसली सोय नाही. तेव्हा वेळेची तुलना करू नका, भावाच्या मागोमाग कार्ट चालवून तो ब्रेक कुठे मारतो ते बघ. आणि जाड सोलचे बूट नकोत, पेडल कळत नाही.