न्यूरल प्रोस्थेसिसच्या (गेलेलं काम परत मिळवून देण्यासाठी मज्जासंस्थेला जोडायच्या यंत्रांच्या) संशोधनात जायचं आहे. आधी एम.टेक. की थेट पीएच.डी.?

नमस्कार मंडळी,

मी मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअरिंग केलं. गेली चार वर्षं पुण्यात हॉस्पिटलांच्या मशीनची सर्व्हिसिंग करतोय. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने विहिरीत सूर मारला आणि मानेला मार बसला. दुखापत सी-५ पातळीची, म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूच्या पाचव्या पातळीवरची. तो खांदा उचलतो, कोपर वाकवतो, पण बोटं मिटत नाहीत. मामी घास भरवते. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय.

वाचताना ‘फ्रीहँड’ नावाचं, शरीरात बसवायचं यंत्र सापडलं. अमेरिकेत क्लीव्हलंडला संशोधक हंटर पेकहॅम यांच्या गटाने नेमकं अशाच रुग्णांसाठी केलेलं. एका खांद्याच्या हालचालीवरून दुसऱ्या हाताच्या स्नायूंना बारीक वीज द्यायची, की मूठ मिटते. १९९७ मध्ये तिथल्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मान्यताही मिळाली, आणि २००१ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवायच्या ‘आर्गस २’चंही तसंच. साठ इलेक्ट्रोड (वीज देणारी बारीक टोकं), २०१३ची एफडीएची मान्यता, पुढे कंपनीने उत्पादन थांबवलं आणि डोळ्यात यंत्र असलेले लोक दुरुस्तीविना उरले. स्पेअर मिळेनासं झालं की मशीन कोपऱ्यात जातं, हे मी रोज बघतो. पण ते शरीरात असेल तर? हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मेंदूकडून थेट संकेत घेण्याचं कामही थक्क करणारं आहे. मेंदूत बसवायच्या, जेमतेम ४ × ४ मिमीच्या ‘युटा ॲरे’ या चकतीवर इलेक्ट्रोडच्या शंभर सुया. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅथी हचिन्सन यांनी ती बसवून, निव्वळ मनात आणून रोबोटच्या हाताने कॉफीची बाटली तोंडाशी नेली. पक्षाघातानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी! पण सुयांभोवती व्रणाची ऊती वाढते, सुयांवरचं संरक्षक आवरण झिजतं, संकेत क्षीण होत जातात. माझ्या ओळखीतले सगळे संकेत उलगडण्याच्या, म्हणजे मशीन लर्निंगच्या बाजूला जातायत. मला इलेक्ट्रोड आणि आवरण टिकवण्याच्या बाजूला जायचंय.

आता अडचण. गेटला (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, तो देऊन आयआयटी मुंबईला प्रयत्न करू का? की तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था बरी? हृदयाची भारतीय बनावटीची कृत्रिम झडप तिथेच बनली, त्यामुळे प्रयोगशाळेतली वस्तू माणसाच्या शरीरापर्यंत नेण्याचा अनुभव तिथे आहे असं वाटतं. पण मज्जासंस्थेच्या इम्प्लांटवर काम करणारे मार्गदर्शक तिथे मिळतील का? की सरळ अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करावा? हाती एकही शोधनिबंध नाही. सर्व्हिसिंगच्या चार वर्षांना प्राध्यापक किंमत देतात का, हे तिथे असलेल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल. वय २७ आहे, आणि घरी पगाराची गरज आहे, म्हणून स्टायपेंडवर निभावतं का तेही लिहा.

गेटचा फॉर्म भरायच्या आत ठरवायचंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.