‘अंतर्वक्र’ आरसा आणि ‘अंतर्वक्र’ भिंग

प्रश्न : अंतर्वक्र आरसा प्रकाश एकत्र आणतो आणि अंतर्वक्र भिंग मात्र तो फाकवते, असे पाठ्यपुस्तकात दिले आहे. विशेषण एकच असताना परिणाम उलटा का? ‘अंतर्वक्र’ या शब्दाचा नेमका अर्थ काय घ्यावा?

उत्तर : ‘अंतर्वक्र’ आणि ‘बहिर्वक्र’ (पूर्वीचे ‘अंतर्गोल’ व ‘बहिर्गोल’) हे शब्द पृष्ठभागाचा केवळ आकार सांगतात, त्यावर पडलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते, याविषयी ते काहीच सांगत नाहीत. आरशावरून प्रकाश परावर्तित होऊन मागे फिरतो, म्हणून खोलगट आरसा अक्षाला समांतर आलेले किरण आपल्या पुढ्यातच, वक्रता त्रिज्येच्या (आरसा ज्या गोलाचा तुकडा मानतात त्याच्या त्रिज्येच्या) निम्म्या अंतरावर, एकत्र आणतो. भिंगातून प्रकाश आरपार जातो आणि काचेत शिरताना व बाहेर पडताना असे त्याचे दोनदा अपवर्तन होते, म्हणजे त्याची दिशा झुकते. हवेतल्या भिंगात हा झुकाव एकंदरीत जाड भागाकडे असल्यामुळे मध्ये फुगीर असलेले भिंग किरण जुळवते, तर मध्ये पातळ आणि कडेला जाड असलेले भिंग ते फाकवते. लांबचे अंधुक दिसणाऱ्याच्या उणे दोन नंबरच्या चष्म्याची काच चिमटीत धरून पाहावी: कडेला ती मधल्यापेक्षा जाड लागते. या भिंगाचे नाभीय अंतर (समांतर किरण जिथे जुळतात किंवा जिथून फाकल्यासारखे वाटतात त्या बिंदूचे, म्हणजे नाभीचे, अंतर) ५० सेंटिमीटर असून ते ऋण मानतात.

परिणामच सांगायचा असेल, तर ‘अभिसारी’ (किरण जुळवणारे) आणि ‘अपसारी’ (किरण फाकवणारे) हे शब्द अधिक नेमके आहेत. नाभीय अंतराच्या धन-ऋण चिन्हावरून अर्थ लावू नये, कारण कार्टेशियन संकेतानुसार (येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेने मोजलेले अंतर धन, उलट दिशेचे ऋण) अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर ऋण आणि बहिर्वक्र भिंगाचे धन येते, आणि तरीही दोन्ही अभिसारीच असतात. विद्यार्थ्यांचे गुण बहुधा इथेच जातात.

पुरवणी : वरील उत्तर योग्य आहे, पण ‘अभिसारी’ हाही भिंगाचा अंगभूत गुण समजू नये. १.५ अपवर्तनांकाच्या (माध्यम प्रकाशाला किती झुकवते ते सांगणाऱ्या आकड्याच्या) काचेचे बहिर्वक्र भिंग पाण्यात (अपवर्तनांक १.३३) बुडवले, तर त्याचे नाभीय अंतर जवळजवळ चौपट होते, आणि पाण्यातला हवेचा बुडबुडा तर फुगीर असूनही अपसारी ठरतो. आरशाची नाभी मात्र पाण्यातही जागची हलत नाही, कारण परावर्तनाच्या नियमात माध्यमाचा संबंधच येत नाही.

रंगाचेही तसेच आहे. काचेचा अपवर्तनांक रंगागणिक वेगळा असल्याने साध्या बहिर्वक्र भिंगात जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा अलीकडे जुळतो आणि प्रतिमेच्या कडांना रंग दिसतात. आरशात हा दोष नाही. न्यूटनने १६६८ साली परावर्ती (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश जुळवणारी) दुर्बीण बनवली ती याच अडचणीमुळे. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीणही परावर्ती आहे, तेव्हा तिच्याबद्दल लिहिताना ‘दोन मीटरचे भिंग’ असे न लिहिता ‘दोन मीटरचा मुख्य आरसा’ असेच लिहावे.