खानेसुमारीतले 'खाने' कुठले?

प्रश्न : आमची आजी जनगणनेला 'खानेसुमारी' म्हणायची. घरात खाणारी तोंडं किती ते मोजायचं, म्हणून खानेसुमारी, असं मी लहानपणापासून धरून चाललो आहे. हे बरोबर आहे का? आणि खानेसुमारी, शिरगणती, जनगणना हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे का?

उत्तर : 'खाने'चा खाण्याशी संबंध नाही. फारसीत 'खाना' म्हणजे घर, जागा. दवाखाना, कारखाना, तोफखान्यातला तोच. 'शुमार' म्हणजे मोजणी. तेव्हा खानेसुमारी ही मुळात घरांची मोजणी. पेशवाईत पुण्याच्या पेठांची खानेसुमारी झाली ती याच अर्थानं. माणसं मोजण्याला उर्दूत 'मर्दुमशुमारी' असा वेगळा शब्द आहे, पण तो आपल्याकडे रुजला नाही. पुढे इंग्रजी अमदानीत, 1872 पासून, माणसं मोजली जाऊ लागली तेव्हा लोकांनी जुनाच शब्द तिकडे वळवला. 'सुमार' मात्र मराठीत चांगला पसरला. 'बेसुमार' म्हणजे मोजता न येणारं, 'सुमारे' म्हणजे अदमासे मोजलेलं.

आणखी एक उत्तर : मी शिक्षिका आहे. 2011च्या जनगणनेत प्रगणक होते, म्हणून ठामपणे सांगते की हे तीन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. काम दोन टप्प्यांत झालं. 2010मध्ये घरयादी आणि घरगणना, म्हणजे भिंती कशाच्या, पाणी कुठून, संडास आहे का. ही शब्दशः खानेसुमारी. मग 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात माणसांची मोजणी, ती शिरगणती. दोन्ही मिळून जनगणना. 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांना मोजतात. फलाटावर, पुलाखाली झोपलेली, शिर आहे पण 'खाना' नाही अशी माणसं. ती रात्र मला विसरता येत नाही. 1 मार्चची सुरुवात हा हिशेबाचा क्षण, म्हणून त्यानंतर पाच दिवस पुन्हा घरोघर जायचं आणि मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त करायचे.

बातम्यांत 'नागरिकांची गणना' असं लिहितात, ते मला खटकतं. शब्द 'जन'गणना आहे. इथे राहणारा परदेशी माणूसही मोजला जातो. कागद कुणाकडेच मागायचा नसतो, तरी कितीतरी बायका मला पाहताच धावत आत जाऊन रेशनकार्ड आणायच्या, हात थरथरत असायचे. जनगणना अधिनियम 1948 प्रमाणे तुम्ही दिलेली माहिती गोपनीय असते, ती पुरावा म्हणून कोर्टातही चालत नाही. चुकीच्या शब्दानं ही भीती वाढते.

आणखी एक उत्तर : याला जोडून 'रहिवासी' आणि 'नागरिक' यांची गल्लत. आधारचा पहिला क्रमांक 2010मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. 2016च्या कायद्यात आधार 'रहिवाशा'साठी आहे, आणि रहिवासी म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत 182 किंवा अधिक दिवस इथे राहिलेला. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, अधिवासाचाही नाही, असं तोच कायदा सांगतो. तहसीलमधून मिळणाऱ्या दाखल्याचं नावच पाहा : 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास'. तीन वेगळ्या गोष्टी म्हणून तीन शब्द. गोव्यात तर 20 डिसेंबर 1961पूर्वी स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी तिथं जन्मलं असेल, तर 1962च्या आदेशानं त्या माणसाला भारताचा नागरिक मानलं गेलं. महिनाभरात नको म्हणायची मुभाही होती.

जाता जाता : 'जातीय जनगणना' लिहू नये. मराठीत 'जातीय'ला तेढीचा वास आहे. 'जातनिहाय' म्हणावं.

शिक्षिकेचं पुन्हा : मूळ प्रश्न विचारणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. व्युत्पत्ती चुकली, पण तुमच्या कल्पनेत तथ्य आहे. जनगणनेत 'कुटुंब' ठरतं ते स्वयंपाकावरून. एका छपराखाली दोन भाऊ राहत असले तरी चुली वेगळ्या असतील तर कुटुंबं दोन. म्हणून आम्ही दारात पहिल्यांदा विचारायचो, 'चूल एकच का?' एका वाड्यात या प्रश्नावर म्हातारी सासू कितीतरी वेळ गप्प राहिली. मग सुनेनंच आतून सांगितलं, 'दोन लिहा.'