खोलीत घुमणारा आणि मंडपात हरवणारा बेस : आधी कोणते पेडल घ्यावे?

प्रश्न – चौथी_तार

नमस्कार. मी सोलापुरातील एका हौशी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराईत आमचे कार्यक्रम होतात. जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीते, भावगीते आणि शेवटी चार-दोन लावण्या असा आमचा साचा असून साथीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक आणि एक इलेक्ट्रिक गिटार असते. माझा बेस चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला), प्रिसिजन या जुन्या नमुन्याच्या धाटणीच्या दुभागी पिकअपचा (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबकांचा) आहे. सरावासाठी छोटा कॉम्बो अ‍ॅम्प आहे, आणि कार्यक्रमात मात्र मी मंडपवाल्यांच्या मिक्सरला थेट केबल जोडतो.

घरी दहा बाय बाराच्या खोलीत ‘ए’ तार मोकळी छेडली की खोली घुमते आणि ‘ई’ तारेवरचे खालचे स्वर त्या मानाने अगदी अशक्त येतात. म्हणून मी अ‍ॅम्पवर बेस (खालचे ध्वनी) वाढवतो आणि मिड (मधले ध्वनी) बराच कमी करतो. असा आवाज घरी मऊ आणि गोड वाटतो, परंतु मंडपात तशाच धर्तीचा आवाज ठेवला की श्रोत्यांना थरथर जाणवते आणि सूर मात्र कळत नाही. घुमणे कमी व्हावे म्हणून भिंतींवर सोलापुरी चादरीही टांगून पाहिल्या, पण ‘ए’ तसाच राहिला. मित्राचे ट्यूब स्क्रीमर (गिटारसाठीचे, पायाने दाबायचे ओव्हरड्राइव्ह पेडल) जोडून पाहिले, तर आवाज धारदार झाला आणि खर्ज पातळ झाला. कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार कमी करणारे पेडल) आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडून धार आणणारे पेडल) या दोन्हींपैकी आधी काय घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – मिक्सरमागून

मी बरीच वर्षे ध्वनिव्यवस्था सांभाळतो, म्हणून प्रथम खोलीबद्दल लिहितो. तुमच्या बाकीच्या निर्णयांचे मूळ तिथेच आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर एखाद्या स्वराच्या तरंगलांबीच्या निम्मे असले, की तो स्वर त्या खोलीत साचतो. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास धरला, तर दहा फुटांच्या अंतरासाठी हा आकडा सुमारे ५७ हर्ट्झ येतो, आणि मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते. छतही दहा फुटांवर असेल तर हा परिणाम दुहेरी होतो. बारा फुटांच्या बाजूने तो ४८ हर्ट्झजवळ, म्हणजे ‘ई’ तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरील (गळ्यावरच्या तिसऱ्या धातूपट्टीवरील) ‘जी’पाशी येतो. मोकळी ‘ई’ तार ४१ हर्ट्झची असल्यामुळे तिला या खोलीचा आधारच मिळत नाही, आणि छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकरही तितके खाली नीट उतरत नाही. थोडक्यात, बेसचे बटण वाढवून तुम्ही खोलीची उणीव भरून काढता आणि तीच भरपाई सवयीने मंडपात घेऊन जाता, जिथे मोठे सबवूफर त्या खर्जाची वाटच पाहत असतात.

चादरीने फरक पडला नाही यात नवल नाही. जाड सुती कापड वरचे ध्वनी शोषते, पण कित्येक मीटर लांबीच्या तरंगाला ते अडवत नाही. उलट वरचा भाग शोषला गेल्यामुळे खालचा घुमारा अधिकच उघडा पडतो. अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढावा, स्टुलावर ठेवावा आणि स्वतः खोलीच्या वेगवेगळ्या जागी उभे राहून ऐकावे. एक-दोन फुटांच्या फरकानेही ‘ए’ कमी-जास्त होतो. आवाजाचा अंतिम निर्णय या खोलीत करूच नये.

आणखी एक गोष्ट कीबोर्डवादकाशी बोलण्याची आहे. वाद्यवृंदांतील कीबोर्डवादकांना एकट्याने कार्यक्रम निभावण्याची सवय असल्यामुळे त्यांचा डावा हात बेसच्याच सप्तकात चालतो. त्यात ऑक्टोपॅडचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि ढोलकीचा घुमाराही तिथेच येतो. तो डावा हात एक सप्तक वर सरकला, तर कोणत्याही पेडलपेक्षा जास्त फरक पडेल.

उत्तर – जाड_तारांचा_माणूस

वरील विवेचन पटले. मी वादकाच्या बाजूने भर घालतो. बेसचा सूर कानाला कळतो तो मुख्यतः त्याच्या वरच्या आवर्तनांमुळे, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांमुळे. ४१ हर्ट्झच्या ‘ई’बरोबर ८२, १२३, १६४ अशी मालिका चालू असते, आणि या मालिकेवरून कान मूळ स्वर ओळखतो, अगदी लहान स्पीकरमधून मूळ स्वर जेमतेम येत असला तरीही. साधारण ४०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात बोटाचा स्पर्श आणि तारेचा पोत असतो. मिड कमी करणे म्हणजे नेमका तोच पट्टा पुसणे होय. एकट्याने वाजवताना असा आवाज गोड लागतो हे खरे. पण दहा वाद्यांच्या गर्दीत एकट्याने थोडा नाकातला, थोडा उद्धट वाटणारा आवाजच ऐकू येतो.

प्रिसिजन बेसचा दुभागी पिकअप १९५७ पासूनचा आहे आणि त्याचे बळच मिडमध्ये आहे. मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन यांचे उदाहरण घ्या. प्रिसिजन बेस, सहसा न बदललेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारा, ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या खालच्या टोकाच्या) झाकणाखाली स्पंजाचा तुकडा आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी, एवढ्यावर त्यांनी साठच्या दशकातील कित्येक ध्वनिमुद्रणे पेलली, आणि स्टुडिओत त्यांचा बेस अ‍ॅम्पशिवाय थेट घेतला जात असे. तुमच्या भावगीतांना आणि जुन्या चित्रपटगीतांना हाच बाज शोभेल. ब्रिजपाशी तारांखाली स्पंजाची पट्टी सरकवून पाहा. स्वर लवकर विझतो, त्यामुळे ढोलकीच्या मात्रांमध्ये जागा मोकळी राहते.

पेडलच्या आधी वाद्याची जुळणी तपासा. आपला उन्हाळा कोरडा असतो, त्यात नेकचे (वाद्याच्या लांब गळ्याचे) लाकूड आकसून नेक मागे झुकतो आणि पहिल्या काही फ्रेटवर तारा खरखरतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.३ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. माझ्या मते एवढे केल्यावर तुम्हाला पेडलची गरजच उरणार नाही.

उत्तर – सिग्नल_साखळी

शेवटचे वाक्य सोडून वरील सारे मान्य आहे. हा बेस थेट मिक्सरला जोडला जातो, आणि पॅसिव्ह पिकअपला मिक्सरचे साधे इनपुट मानवत नाही. तिथे वरचा भाग दबतो आणि लांब केबलमुळे आणखी हरवतो. म्हणून पहिली खरेदी डीआय बॉक्सची (वाद्याचा आवाज मिक्सरला मानवेल असा करून देणाऱ्या डबीची) करावी, आणि पॅसिव्ह बेससाठी तो अ‍ॅक्टिव्ह प्रकारचा घ्यावा. प्रीअ‍ॅम्प आणि डीआय एकत्र असलेले पेडल घेतले तर दोन्ही कामे साधतात. टेक २१ चा सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर डीआय हे त्याचे जुने आणि भरवशाचे उदाहरण आहे.

ट्यूब स्क्रीमरने खर्ज का गेला, तेही समजून घ्या. त्याच्या परिपथात सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे ध्वनी कमी वाढवले जातात. गिटारला ते सोयीचे असते, पण बेसचा पायाच त्याच्या खाली असतो. बेससाठी ओव्हरड्राइव्ह घेताना मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याचे बटण आहे का, एवढे आधी पाहावे. बॉसच्या ओडीबी-३ वर ते ‘बॅलन्स’ या नावाने आणि डार्कग्लासच्या बी३के वर ‘ब्लेंड’ या नावाने मिळते. गेन (फाडण्याचे प्रमाण) अगदी कमी ठेवून अर्धा आवाज स्वच्छ राहू दिला, तर श्रोत्यांना विकृती ऐकू येत नाही, फक्त बेस स्पष्ट होतो. लावण्यांच्या वेळी याचा खरा उपयोग होईल.

कॉम्प्रेसर तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. घेतलाच तर दाबण्याचे प्रमाण ४:१ च्या आसपास आणि अटॅक (दाबायला सुरुवात होण्याचा वेग) संथ ठेवा, म्हणजे बोटाचा पहिला ठोका दबत नाही. सर्व पेडलना एकाच अ‍ॅडॉप्टरवरून साखळीने वीज देण्याऐवजी स्वतंत्र विलग आउटपुट असलेला पुरवठा वापरा, आणि प्रत्येक पेडलला किती मिलिअँपिअर लागतात ते वाचून जोडा.

चौथी_तार

सर्वांचे मनापासून आभार. डीआय बॉक्सपासून सुरुवात करतो, आणि कीबोर्डवादक मित्राशी आज सायंकाळीच बोलतो. एक शंका राहिली. मंडपात रोषणाई लागली की माझ्या चॅनलवर सतत ‘हम्म’ असा आवाज येतो. तो इक्वलायझरने कापता येईल का?

उत्तर – मिक्सरमागून

कापू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ‘ई’ तारेवरचा ‘जी’ ४९ हर्ट्झचा; विजेच्या गुणगुणीचे दुसरे आवर्तन १०० हर्ट्झला येते, तर मोकळी ‘जी’ तार ९८ हर्ट्झची आहे. गुणगुण कापली की हे स्वरही जातात. तुमचा दुभागी पिकअप स्वतःच बाहेरची गुणगुण रद्द करणारा आहे, त्यामुळे दोष केबलच्या शील्डमध्ये किंवा अर्थिंगच्या वळशात (दोन उपकरणांची अर्थिंग दोन मार्गांनी जोडली गेल्यात) असण्याचा संभव अधिक. आधी केबल बदलून पाहा, नंतर डीआयवरील ग्राउंड लिफ्टचे (मिक्सरकडच्या केबलमधील अर्थिंगची जोडणी तोडणारे) बटण दाबा, आणि तुमच्या उपकरणांची वीज रोषणाईच्या ओळीवरून न घेता मिक्सरच्याच बोर्डावरून घ्या. काही जण गुणगुण थांबवण्यासाठी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसे कधीही करू देऊ नका, कारण तारांवर हात असताना वादकाचे ओठ मायक्रोफोनला लागले, तर विजेचा धक्का जिवावर बेतू शकतो.