आकडी, आंकडी की कोयत्याचा हूक?

राजापूर :
कुडाळच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगातून, एक तुटका अडकित्ता आणि बिनकिल्लीचे कुलूप यांच्यासोबत, मला वीतभर लांबीची एक लोखंडी वस्तू मिळाली. तिच्या वरच्या टोकाला दोन भोके आहेत, खालचा भाग वळवून अरुंद गाळा केला आहे, आणि बाहेरून सगळीकडे गंज असला तरी गाळ्याची आतली बाजू घासून घासून लख्ख झाली आहे. विकणारे आजोबा तिला ‘आकडी’ म्हणाले. आमच्या घरी मात्र आकडी म्हणजे फांदी खाली ओढायची लांब काठी. वाचनालयातल्या जुन्या अवजारांच्या कपाटात ही ठेवायची आहे; आमचे एक सभासद चिठ्ठीवर ‘कोयत्याचा हूक’ लिहा म्हणतात. काय लिहावे?

वेंगुर्ले :
आजोबांचे बरोबर आहे. भोकांतून दोरी ओवून ही आकडी कमरेला पाठीमागे बांधतात आणि कोयतीचे पाते गाळ्यात सोडतात, म्हणजे माडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्याकडे नारळ पाडायला येणारे पाडेली काम संपल्यावरही ती सोडत नसत. कोयती भिंतीशी ठेवून ते ओटीवर टेकले की लाकडावर आकडी खट्‌कन वाजे, आणि आई आतून चहाचे आधण ठेवी.

अलिबाग :
वस्तू हातात न घेता इतकी खात्री बरी नव्हे. आमच्याकडे बिळातून चिंबोरी ओढून काढायची, टोकाशी वाकवलेली सळई हीसुद्धा आकडीच. तिला भोके आणि गाळा नसतो हे मान्य. पण एकाच शब्दाखाली काठी, सळई आणि ही पट्टी नांदत असतील, तर नुसते ‘आकडी’ लिहून वाचणाऱ्याला काय कळणार? एखाद्याला तर फेफऱ्याची आकडीच आठवेल.

दापोली :
अर्थ अनेक असले तरी मूळ एकच आहे. संस्कृतात ‘अङ्क’ म्हणजे वाकलेली वस्तू, आणि अंक म्हणजे संख्याही. म्हणून हिशेबाचा आकडा आणि गळाचा आकडा हे सख्खे भाऊ. मोल्सवर्थने १८५७ च्या कोशात ‘आंकडा’ असा अनुस्वार दिला आहे, तेव्हा चिठ्ठीवर ‘आंकडी’च लिहावे. ‘हूक’ तर मुळीच नको. घरात सोने असताना उसने पितळ कशाला मिरवायचे?

मालवण :
उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकले, हे आपल्याला ठाऊक असेलच. गंमत अशी की आमच्या मालवणी बोलण्यात नाकातला तो सूर अजून आहे, त्यामुळे नियम पाळला तर आमचा उच्चार बुडतो आणि उच्चार पाळला तर नियम. हूकबद्दल म्हणाल, तर ब्लाऊजला सगळे हूकच लावतात, आकडी कोणी लावत नाही. वापराने ही वाटणी केव्हाच करून टाकली आहे. उसने पितळ काढायचेच तर मग त्याच ढिगातल्या अडकित्त्यापासून सुरुवात करावी, कारण तो कानडीतून आला आहे; ‘अडिके’ म्हणजे सुपारी.

दापोली :
कानडी शेजारीण आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणणे वेगळे.

वेंगुर्ले :
चिंबोरी नव्हे, कुर्ली. संस्कृत ‘कुलीर’ म्हणजे खेकडा, म्हणजे या बाबतीत मुळाशी आम्हीच अधिक प्रामाणिक राहिलो.

अलिबाग :
बिळात हात घातलात की नाव काहीही असो, नांगी एकच.

राजापूर :
काल शेजाऱ्यांची कोयती मागून आणली आणि आकडी कमरेला बांधून पाहिली. पाते गाळ्यात नीट बसते, पण मूठ डाव्या हाताकडे येते. हिचा धनी डावखुरा असावा, की मीच ती उलटी बांधली? आणि चिठ्ठीवर अनुस्वार द्यायचा की नाही, तेवढे कोणीतरी सांगावे. कपाट रविवारी उघडायचे आहे.