पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनवरच येतंय (लिनक्स मिंट २०.२)

वाशिष्ठीकाठ · सकाळी ९:१२

नमस्कार. चिपळूणला बाजारपेठेत माझं झेरॉक्स, स्कॅन आणि टायपिंगचं दुकान आहे. आज सकाळी कॉम्प्युटर लावला, 'आई' या नावावर क्लिक केलं, पासवर्ड टाकला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तिथंच, लॉगिनला. आठ-दहा वेळा करून झालं. रिस्टार्ट झालं, वायर काढून घालून झालं, पंख्यावरची धूळसुद्धा पुसून झाली.

मशीन सेकंडहँड डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी, मिंट २०.२ एक्सएफसीई. २२ जुलै २०२१ ला दुकानाच्या पाटीपर्यंत पाणी होतं, त्यात आधीचा कॉम्प्युटर गेला. मग ऑगस्टात मुलाने हा बसवून दिला. चार वर्षांत एकदाही अडला नव्हता. मुलगा पुण्याला नोकरीला, दुपारी तीनच्या आधी फोन घेत नाही. आणि एक वाजता एक जण बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ न्यायला येतायत.

फॉरमॅट मारा असं कृपा करून कोणी सांगू नका. २०२१ ला एकदा झालंय ते, नदीने केलं.

खटपट्या · ९:२०

ताई, कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल. लॉगिनला कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं ते बघा. पासवर्डाचे नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण काय टाइप करतोय ते कळत नाही. माझं दोनदा असंच झालंय.

वाशिष्ठीकाठ · ९:२६

बघितलं, इंग्रजीच आहे. शिवाय मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला, तेव्हा 'चुकीचा आहे, पुन्हा टाका' असं लिहून येतं. बरोबर टाकला की मात्र एक शब्द न बोलता बाहेर काढतो. दुखणं यातच कुठंतरी आहे असं वाटतंय.

नवा_कर्नल · ९:३१

मग एक्सऑथॉरिटीची फाइल. सुडो लावून, म्हणजे रूटच्या (सिस्टमच्या मुख्य मालकाच्या) अधिकाराने, एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवला होतात का? तसं केलं की ती फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते, मग तुमच्या नावाने डेस्कटॉप उघडत नाही. तिचं नाव बदललं की काम होतं.

वाशिष्ठीकाठ · ९:३४

त्या काळ्या खिडकीला मी हात लावत नाही. मुलगा आला की तोच काय ते करतो.

टर्मिनल_तात्या · ९:४१

ताई, तुम्ही चुकीचा पासवर्ड टाकून पाहिलात ते फार बरं केलंत. दार उघडतंय, पण आत पाय ठेवायला जागा नाही. डेस्कटॉप सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमध्ये दोन-चार बारक्या फाइली लिहितो. लिहिता आल्या नाहीत की सेशन तिथंच मरतं आणि तुम्ही परत लॉगिनला. मालकी बिघडली तरी असंच होतं, म्हणजे कर्नलरावांचा अंदाज काही वेडा नाही. पण अशा चार-पाच केसेस मी पाहिल्यात, त्यातल्या बहुतेकांची डिस्क भरलेली निघाली. आधी तेवढंच बघू.

लॉगिनच्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळी स्क्रीन येईल, घाबरू नका. नाव विचारेल, मग पासवर्ड. परत चित्रवाल्या लॉगिनला यायचं असेल तर कंट्रोल, ऑल्ट, एफ७.

आत गेल्यावर एकच ओळ. अक्षरं सुटी सांगतो, फोनवर इंग्रजी एल आणि एक सारखेच दिसतात: डी एफ, एक स्पेस, वजाचं चिन्ह, त्याला चिकटून एच. सगळी लहान लिपीत. एंटर. मग ज्या ओळीच्या शेवटी नुसता एक तिरपा स्लॅश आहे, ती ओळ इथे लिहा.

वाशिष्ठीकाठ · १०:१०

अर्धा तास लागला, सांगते का ते.

आधी नावच माहीत नाही! लॉगिनला मुलाने मराठीत 'आई' लिहून ठेवलंय, खरं नाव काय ते कोणाला ठाऊक. शेवटी इंग्रजीत ए ए आय टाकलं आणि चाललं. मग पासवर्ड टाकायला गेले तर काहीच उमटेना, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड गेला म्हणून दुसरा लावला. मग लक्षात आलं की न दिसता टाइप होतंय.

आत गेल्यावर राहवेना. मुलगा एल आणि एस दाबून फोल्डर बघतो ते पाहिलंय, तसं केलं. तर माझ्या फोल्डरांच्या जागी पांढरे चौकोन! 'पत्रिका', 'स्कॅन', 'उधारी', सगळ्यांचे चौकोन. पोटात गोळा आला. त्यात त्याच्यासारखंच सीडी लिहून टॅब दाबली तर इंग्रजीत भलीमोठी ओळ आली, शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

आता तुम्ही सांगितलेली ओळ. आकार १०९ जी, वापरलेले १०४ जी, शिल्लक ०, मग १००%.

एक विचारू? १०९ मधून १०४ गेले तर ५ उरतात. शून्य कसं? दुकानाचा हिशोब रोज लिहिते, माझी वजाबाकी चुकत नाही.

टर्मिनल_तात्या · १०:१८

वजाबाकी अगदी बरोबर. ईएक्सटी४ फाइल सिस्टम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, साध्या वापरकर्त्याला ती मिळत नाही. १०९ चे ५ टक्के म्हणजे साडेपाचच्या आसपास. तुमच्यासाठी डिस्क संपली, रूटसाठी थोडी बाकी आहे. ती आहे म्हणून तर आपल्याला आता काही करता येईल.

चौकोनांची काळजी नको. फाइली जागेवर आहेत. त्या काळ्या स्क्रीनला जेमतेम ५१२ अक्षरचित्रं ठेवता येतात आणि जोडाक्षरं जुळवायची अक्कल तिला नाही, म्हणून देवनागरीचे चौकोन होतात. टॅब दाबल्यावरही ती एक तात्पुरती फाइल लिहायला जाते, तिलाही जागा मिळाली नाही. टॅबने आमचं निदान पक्कं करून दिलं.

आता दोन कामं. पहिलं, अपडेटच्या उतरवून ठेवलेल्या फाइली काढा: एस यू डी ओ, स्पेस, ए पी टी, स्पेस, सी एल ई ए एन. पासवर्ड मागेल, पुन्हा न दिसताच टाकायचा. याने तुमचं काही जात नाही. दुसरं: एस यू डी ओ, स्पेस, टाइमशिफ्टचं (सिस्टमच्या जुन्या प्रती जपून ठेवणारा प्रोग्राम) इंग्रजी स्पेलिंग, स्पेस, दोन वजा आणि त्याला चिकटून लिस्ट. काय यादी येते ते सांगा.

आणि काल काही वेगळं झालं होतं का?

वाशिष्ठीकाठ · १०:३३

काल संध्याकाळी एका गिऱ्हाइकाची खरेदीखतं स्कॅन करत होते. शेवटच्या पानाला सेव्ह करताना काहीतरी चौकट आली, मी ओके दाबलं. वाचली नाही, बाहेर पाऊस वाढत होता आणि शटर ओढायचं होतं.

पहिलं केलं. आता शिल्लक २.१ जी दाखवतोय.

यादीत एकूण बारा नोंदी. त्यातल्या आठांपुढे डी किंवा डब्ल्यू आहे, चारांपुढे ओ. ओ असलेल्यांच्या तारखा: १५ सप्टेंबर २०२१, ६ सप्टेंबर २०२२, २४ सप्टेंबर २०२३, १३ सप्टेंबर २०२४.

तारखा वाचल्या आणि हसूच आलं. गौरी-गणपती आटपून मुलगा परत निघतो ते दिवस आहेत हे! बॅग भरून झाली की कॉम्प्युटरसमोर बसायचा, एक बटण दाबायचा आणि म्हणायचा, 'आई, आता काळजी नाही.'

खटपट्या · १०:३७

हाहा, गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी अजून दहा जीबी या.

टर्मिनल_तात्या · १०:४९

सापडलं. डी म्हणजे रोजचे आणि डब्ल्यू म्हणजे आठवड्याचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या दिवशीच्या प्रती. ठरलेली संख्या झाली की त्यातले जुने टाइमशिफ्ट स्वतःच काढतो. ओ म्हणजे हाताने बटण दाबून घेतलेले. ते कोणीतरी हातानेच काढेपर्यंत तसेच राहतात.

दोन जीबी पुरेत. कंट्रोल, ऑल्ट, एफ७ करून नेहमीसारखं लॉगिन करा. आधी तुमच्या गिऱ्हाइकाचं प्रूफ काढा. मग मेनूतून टाइमशिफ्ट उघडा आणि सेटिंग्जमध्ये 'युजर्स'चा टॅब बघा. तुमच्या नावापुढे सगळ्या फाइली घेण्याची खूण असणार, ती मुळात नसते. ती वगळण्यावर आणा. नंतर ओवाले चारही एकेक करून पुसा. वेळ लागेल, मध्ये बंद करू नका.

वाशिष्ठीकाठ · ११:०५

आले आत!! 'उधारी' दिसली. चौकोन नाहीत, चक्क अक्षरं. प्रूफ काढून ठेवलं. युजर्समध्ये तुम्ही म्हणालात तसंच होतं.

वाशिष्ठीकाठ · ११:४०

तात्या, २०२१ चा पुसला. वीस मिनिटं चाललं होतं आणि जागा वाढली जेमतेम दीड जीबी. काही चुकतंय का माझं?

टर्मिनल_तात्या · ११:५२

नाही. तुम्ही सातबारे काढून देता ना? त्याच भाषेत सांगतो.

डिस्कवरची जागा म्हणजे जमीन आणि फाइलचं नाव म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. एका जमिनीवर सहा जणांची नावं असू शकतात. टाइमशिफ्ट नवा स्नॅपशॉट घेताना न बदललेल्या फाइलीची नक्कल करत नाही, त्याच जमिनीवर आणखी एक नाव चढवतो. याला हार्डलिंक म्हणतात. म्हणूनच बारा स्नॅपशॉट ११० जीबीत मावले. पण एक नाव कमी केलं म्हणून जमीन मोकळी होत नाही, शेवटचं नाव निघालं की होते. २०२१ च्या बऱ्याच फाइलींवर अजून २०२२ चं, २०२३ चं नाव आहे. पुढचे पुसत चला, एखादा मोठा हप्ता एकदम सुटेल.

वाशिष्ठीकाठ · दुपारी १:२५

सुटला. २०२३ चा गेला आणि एकदम २६ जीबी! तेही कळलं कशाचे. त्या वर्षी एका शाळेचं जुनं रजिस्टर स्कॅन केलं होतं, कागद फाटायला आलेला म्हणून ६०० डीपीआय, रंगीत, टिफमध्ये. एकेक पान १०० एमबीचं, अशी सव्वादोनशे पानं. पेनड्राइव्हवर दिलं आणि गणपतीनंतर पुसून टाकलं होतं. पुसलं असं मला वाटलं होतं.

बारशाची पत्रिका पसंत पडली. मुलीचं नाव 'शर्वरी', त्यांना रफार जरा मोठा हवा होता, तेवढा करून दिला.

पण सातबाऱ्याचं वाचल्यापासून मला एक गोष्ट खातेय. दुकानात लोक आधार कार्ड, पासबुक, रेशनकार्ड स्कॅन करायला देतात. मी दर महिन्याच्या शेवटी फोल्डर रिकामा करते, कचरापेटीसकट. कोणी विचारलं तर छातीठोक सांगते, 'काकी, तुमचं आधार माझ्याकडे राहत नाही.' आणि ती सगळी आधार कार्डं चार गणपती इथंच बसून होती? आता तरी खरंच गेली का?

टर्मिनल_तात्या · १:४८

त्या त्या दिवशी फोल्डरमध्ये जी होती तेवढी बसून होती, हो. ताई, हा प्रश्न मोठमोठ्या ऑफिसांत कोणी विचारत नाही.

चारही ओवाले गेले आणि होम वगळलं, म्हणजे मुख्य काम झालं. रोजच्या आणि आठवड्याच्या आठांतही अलीकडची स्कॅन असतील, तेही आजच पुसून टाका आणि एक नवा घ्या. त्यात आता फक्त सिस्टम येईल. एसएसडीवर मिंट आठवड्यातून एकदा ट्रिम चालवतो, मोकळी झालेली जागा डिस्कला कळवतो. त्यानंतर साध्या प्रोग्रामांनी ती परत काढणं जवळपास अशक्य.

मुलाला एक निरोप द्या, रागवू नका. आईचं काम पुन्हा वाहून जाऊ नये म्हणून त्याने सगळं घेतलं, हे उघड आहे. पण ठेवलं त्याच डिस्कवर. पाणी आलं तर दोन्ही एकदमच भिजणार. पत्रिका आणि उधारी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मिंटमध्ये त्यासाठी वेगळं बॅकअप टूल आहे. आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका.

नवा_कर्नल · २:०५

माझा अंदाज हुकला, मान्य. एक भर घालतो. मिंट २० च्या अपडेट एप्रिल २०२५ मध्ये बंद झाल्या. लोकांची कागदपत्रं हाताळता, तर फार दिवस यावर राहू नका. २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ४ जीबीवर एक्सएफसीई ठीक चालतो. त्यासाठी होमची नक्कल आधी बाहेर घेतलेली हवी, हे आलंच.

वाशिष्ठीकाठ · संध्याकाळी ७:३०

बाराही पुसले, एक नवा घेतला. शिल्लक ६३ जी. रोजच्या वहीत लिहून ठेवलंय, आता दर शनिवारी हा आकडा बघणार.

मुलाशी बोलले. तो आधी 'असं होणारच नाही' म्हणाला, मग मी १०९, १०४ आणि शून्य सांगितलं, रूटचे ५ टक्के सांगितले, तर गप्प. म्हणाला, 'आई, तू काळ्या स्क्रीनमध्ये गेलीस?' गेले म्हटलं, तुझ्या त्या ए ए आयने.

डिस्क उद्या घेते. घरी माळ्यावर देवाच्या जुन्या समईच्या डब्यात ठेवीन, २१ ला तिथवर पाणी आलं नव्हतं. मिंट २२ चं मात्र गणपतीत, तो येईल तेव्हा. जाताना त्याला कॉम्प्युटरसमोर एकटा बसू देणार नाही.