शब्दचर्चा : दावा, फिर्याद, खटला आणि तालुक्याच्या कोर्टातले आणखी काही शब्द

विचारणा (चाळीसगावहून)

तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम करण्यासाठी माझे प्रशिक्षण सध्या सुरू आहे. कलमे पाठ होतात, पण शब्दांपाशी मी अडखळते. निमित्त घरचेच आहे, म्हणून ते आधी सांगते.

माझे मामा रावेर तालुक्यात केळी पिकवतात. एका व्यापाऱ्याने मालापोटी दिलेला धनादेश बँकेतून परत आला. वकिलांनी मुदतीत नोटीस पाठवली, व्यापाऱ्याला ती मिळाली, पंधरा दिवस उलटले तरी पैसे आले नाहीत, तेव्हा वकील म्हणाले, "आता महिन्याच्या आत फिर्याद करावी लागेल." मामांनी 'फिर्याद' हा शब्द ऐकला आणि ते तडक पोलीस ठाण्यात गेले. तिथे 'साहेब बंदोबस्ताला आहेत', 'उद्या या', 'हे आमच्याकडचे काम नाही' असे ऐकत त्यांचे बावीस दिवस गेले. वकिलांना वाटले, मामा कागद गोळा करत असतील. मामांना वाटले, आपण वकिलांनी सांगितलेलेच करत आहोत. शेवटचे काही दिवस उरले असताना हा घोळ उघड झाला आणि कागद कसाबसा वेळेत कोर्टात पोहोचला.

शब्दकोशात पाहिले तर दावा, फिर्याद आणि खटला यांचे अर्थ एकमेकांच्या अंगावर पडतात. जाणकारांनी कृपया सांगावे, की कोर्टात या शब्दांना वेगवेगळा अर्थ आहे की ती केवळ बोलण्याची सवय आहे?

उत्तर (धुळ्याहून, न्यायालयाच्या कार्यालयातून निवृत्त)

ताई, तुमच्या मामांची चूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी चालतो आणि ते दोन अर्थ त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आधी मोठा भेद घेऊ. 'दावा' हा दिवाणी बाजूचा शब्द आहे. जमीन, पैसा, वाटणी, ताबा, करार अशा हक्काच्या भांडणात जो दाद मागतो तो वादी, ज्याच्याविरुद्ध मागतो तो प्रतिवादी, आणि हे काम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालते. 'खटला' फौजदारी बाजूचा. तिथे आरोपी असतो, शिक्षा असते, आणि १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. आपल्याकडे गोंधळ होण्याचे एक कारण असे, की तालुक्याच्या गावी बहुधा एकच न्यायाधीश दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अशी दोन्ही कामे पाहतात. सकाळी त्यांच्यापुढे बांधाचा दावा चालतो आणि दुपारी त्याच खुर्चीपुढे मारहाणीचा खटला उभा राहतो. पक्षकाराला दालन एकच दिसते, त्यामुळे आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे त्याला केवळ शब्दावरूनच कळू शकते.

आता फिर्याद. मूळ फारसी शब्दाचा अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. कायद्याच्या भाषेत फिर्याद म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याने कारवाई करावी या हेतूने त्याच्याकडे तोंडी किंवा लेखी केलेली तक्रार, आणि पोलिसांचा अहवाल या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती पोलिसांना दिली जाते ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली. कायदा तिला 'खबर' म्हणतो, म्हणून 'प्रथम खबर अहवाल'. पोलीस ठाण्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्या खबरीलाच 'फिर्याद' आणि ती देणाऱ्याला 'फिर्यादी' म्हणत आले आहेत. वर्तमानपत्रांनी तोच वापर घरोघरी पोहोचवला. सर्वसामान्य माणसाच्या कानाला आज फिर्याद म्हणजे पोलीस, यात नवल नाही.

धनादेश न वटण्याचा गुन्हा १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये येतो, आणि न्यायालय त्याची दखल लेखी फिर्यादीवरच घेते. पोलिसांचे तिथे काम नाही. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पैसे देण्यासाठी पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद असा हा हिशेब आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. पण त्यासाठी वेगळा अर्ज, समोरच्याचे वेगळे म्हणणे आणि त्यावर वेगळा आदेश, म्हणजे आणखी काही तारखा. त्याच पैशासाठी दिवाणी दावाही लावता येतो आणि त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. एकाच धनादेशावरून दावा आणि फिर्याद दोन्ही चालू शकतात, आणि म्हणूनच हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरणे परवडत नाही.

एक खूण सांगतो. जुन्या बोलण्यात क्रियापद भेद राखत असे. पोलिसांत फिर्याद 'देतात', न्यायालयात फिर्याद 'करतात' किंवा 'दाखल करतात'. तुमच्या वकिलांनी 'करावी लागेल' म्हटले ते अगदी बरोबर होते. मामांनी नाम ऐकले, क्रियापद ऐकले नाही. हल्लीच्या बातम्यांत पोलिसांतही फिर्याद 'दाखल' होते, तेव्हा या खुणेवर सर्वस्वी विसंबू नये.

उत्तर (रावेरहून, वकिलांकडे कारकून)

नानांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. स्वयंसेवकाने पक्षकाराचा शब्द दुरुस्त करत बसू नये. आमच्याकडे माणूस येतो तो "मन्हावर केस करेल शे" एवढेच सांगतो. 'केस' या शब्दाने दावा, खटला, अर्ज, अपील सगळे गिळून टाकले आहे. त्याला "दावा की फिर्याद?" असे विचारले तर तो घाबरून काहीतरी एक निवडतो आणि ते बहुधा चुकीचे असते.

त्यापेक्षा कागद मागावा आणि क्रमांक वाचावा. 'रे. मु. नं.' असेल तर तो दिवाणी दावा, म्हणजे रेग्युलर मुकदमा. 'एस. सी. सी.' किंवा 'आर. सी. सी.' असेल तर फौजदारी. धनादेशाची प्रकरणे एस. सी. सी. मध्ये लागतात. कागद तहसील कार्यालयाचा असेल तर ती आणखी निराळी गोष्ट. शेतरस्ता अडवल्याची तक्रार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांपुढे चालते आणि ती अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत करावी लागते. मामलेदार हे पद जाऊन तहसीलदार आले, पण गावात 'मामलेदार कोर्ट' अजून जिवंत आहे, आणि तिथल्या निकालाला लोक 'कोर्टाचा निकाल' म्हणतात तेव्हा कोणते कोर्ट हे विचारून घ्यावेच लागते. वकिलाची नोटीस हातात घेऊन "कोर्टाचं समन्स आलं" म्हणणारे तर आठवड्याला दोघे-तिघे भेटतात. नोटीस कोणीही पाठवू शकतो, समन्स मात्र न्यायालयाच्या शिक्क्याचेच असते.

पुन्हा विचारणा (चाळीसगावहून)

नाना आणि भाऊ, दोघांचे आभार. मामांचे प्रकरण एस. सी. सी. च आहे. आता नवी तक्रार अशी, की व्यापारी समन्सवर हजर झाला आणि त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. मामा म्हणतात, "तो सुटला, मग आपण कशाला भांडायचं?" त्यांची समजूत कशी घालावी? शिवाय रोजनाम्याची (प्रकरणात तारखेगणिक काय झाले त्या नोंदीची) नक्कल काढली तर तिच्यात 'से', 'निशाणी' आणि 'पुरसीस' असे शब्द निघाले. प्रशिक्षणात यांतला एकही आला नव्हता.

उत्तर (धुळ्याहून)

जामीन हा मुळात माणूस आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ हमी घेणारा. 'मी त्याला जामीन राहिलो' असे आपण म्हणतो तेव्हा मूळ अर्थच वापरतो. पुढे हमीदाराचे नाव सुटकेच्या आदेशाला चिकटले, आणि मग माणसासाठी 'जामीनदार' असा नवा शब्द करावा लागला. हमी कशाची, तर बोलावल्या तारखेला आरोपी हजर राहील याची. तो निर्दोष आहे असे त्यात कोणीही म्हणत नाही. कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा तिथे आरोपीचा हक्क ठरतो. जामीनदार न घेता आरोपीने स्वतःच हजेरीचे बंधपत्र लिहून दिले तर तो 'जातमुचलका'. जात म्हणजे इथे स्वतः. तुम्हाला कामात उपयोगी पडेल असा तपशील सांगतो : जामीनपात्र गुन्ह्यात अटक झालेल्याला आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो गरीब आहे असे समजून त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. खटला सुरू होण्याआधीच पुराव्याअभावी आरोप टिकत नाही म्हणून सोडले तर 'आरोपमुक्त', आणि खटला पूर्ण चालून सोडले तर 'निर्दोष मुक्तता'. या दोन्हींचा जामिनाशी संबंध नाही.

निशाणी म्हणजे दप्तरातल्या कागदावर घातलेला क्रमांक. दाव्यात निशाणी एक म्हणजे वादपत्र आणि निशाणी पाच म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा (निकाल लागेपर्यंत समोरच्याला रोखण्याचा) अर्ज, ही महाराष्ट्रातली रूढी इतकी पक्की आहे की 'पाचचं काय झालं?' एवढे विचारले तरी सर्वांना समजते. 'से' हा इंग्रजीतून आला; समोरच्या पक्षाचे अर्जावरील म्हणणे. मराठी आदेशात 'म्हणणे दाखल करावे' असे स्वच्छ लिहिलेले असते, आणि मला तेच आवडते.

पुरसीस हा माझा लाडका शब्द आहे. फारसीत त्याचा अर्थ विचारपूस किंवा चौकशी. आपल्या न्यायालयांत मात्र तो बरोबर उलटा झाला : पक्षकाराने किंवा वकिलाने न्यायालयाला दिलेले छोटे लेखी निवेदन म्हणजे पुरसीस. 'पुरावा संपल्याची पुरसीस', 'तडजोडीची पुरसीस' असे शब्दप्रयोग रोज होतात. बहुधा न्यायालय विचारत असे आणि त्याचे उत्तर लिहून घेतले जाई, त्यातून प्रश्नाचे नाव उत्तराला पडले असावे. हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नये.

उत्तर (रावेरहून)

तपासाचे तीन शब्दही लिहून ठेवा : आपल्या साक्षीदाराला आपणच विचारतो तो सरतपास, समोरचा विचारतो तो उलटतपास, आणि उलटतपासातून उरलेले स्पष्ट करायला पुन्हा आपण विचारतो तो फेरतपास. दिवाणी दाव्यात सरतपास आता शपथपत्रावरच दिला जातो. साक्षीदाराला वाटते की आपण काहीच बोललो नाही आणि एकदम उलटतपासच सुरू झाला.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणारा शब्द मात्र 'निकाल' आहे. दावा जिंकला की पक्षकार पेढे वाटतो आणि घरी बसतो. न्यायाधीश कारणे देऊन लिहितात तो न्यायनिर्णय, आणि त्यावरून पक्षकारांचे हक्क ठरवणारा जो औपचारिक कागद तयार होतो तो हुकूमनामा. हुकूमनामा स्वतः चालत जाऊन पैसे आणत नाही. समोरच्याने तो पाळला नाही तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला आपल्या कोर्टात 'दरखास्त' म्हणतात. बाहेरच्या मराठीत दरखास्त म्हणजे कोणतीही विनंती, कोर्टाच्या ओसरीवर मात्र हाच एक अर्थ. दरखास्तीत जप्ती होते, बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी, ताबा घेऊन देतो, पंचनामा होतो, ताबा पावती लिहिली जाते. पैशाच्या किंवा ताब्याच्या हुकूमनाम्यासाठी मुदत बारा वर्षांची आहे. वडिलांनी जिंकलेला दावा मुलगा तेराव्या वर्षी पिशवीतून काढून आणतो, तेव्हा आम्हालाही मान खाली घालावी लागते.

ताई, तुमच्या मामांनाही हा शब्द लागेल. त्यांचे प्रकरण लोकअदालतीत ठेवले गेले आणि तडजोड झाली, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. धनादेशाचे फौजदारी प्रकरण असले तरी हाच नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे फिर्याद म्हणून आत गेलेला कागद हुकूमनामा होऊन बाहेर येतो. व्यापाऱ्याने हप्ते चुकवले तर पुढचा शब्द दरखास्त.

चाळीसगावहून

मामांना हे वाचून दाखवले. जामिनाचे त्यांना पटले. लोकअदालतीबद्दल ते म्हणाले, "आधी किती देतो ते सांगू दे." त्या दिवशी कोर्टात काय झाले असे विचारल्यावर त्यांचे उत्तर एवढेच होते : "तारीख पडी गयी." यावरून शेवटचे विचारते. तारीख 'पडते' की 'लागते'?

धुळ्याहून

केस बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीवर, 'लागते', तारीख 'पडते'. दुष्काळ पडतो, दरोडा पडतो, तशीच तीही पडते. रोजनाम्यात मात्र आम्ही 'पुढील तारीख नेमली' असे लिहीत असू, कारण तिथे ती नेमणारा कोणीतरी असतो.